आंधळ्या द्रष्ट्याचं काम

थोरिकोस गावच्या नाटकात आंधळ्या द्रष्ट्याचं काम कुणालाच नको असायचं. यायचं, राजाला खरं काय ते सांगायचं, राजाच्या शिव्या खायच्या आणि चालू पडायचं. वाहवा राजाची, रडारड राणीची. पण मी म्हणतो, सगळी शोकांतिका त्या एका म्हाताऱ्याच्या जिभेवर उभी असते. त्याने तोंड उघडेपर्यंतच राजा राजा असतो.

यंदा ते काम ओनेतोरच्या गळ्यात पडलं. माणूस जाळी विणणारा, पण आवाज खणखणीत. नाटक लिहिलं होतं गोर्गिप्पोसने आणि राजाही तोच. या राजाचा भाऊ समुद्रात हरवलेला. राजा जो भेटेल त्याला भावाचा ठावठिकाणा विचारतो आणि द्रष्टा त्याला सांगतो, ‘ज्याला शोधतोस, त्याची दोरी तूच कापलीस.’

एवढं एक वाक्य. पण तालमीत तिथं आलं की ओनेतोर अडायचा.

“अरे बोल की! अंजीर अडकलं का घशात?” गोर्गिप्पोस डाफरायचा. “आरोप माझ्यावर आहे, घाम तुला कशाला फुटतोय?”

त्याला काय सांगणार, कप्पाळ? तीन वर्षांपूर्वी ओनेतोर आणि फिलिन्नामावशीचा एकुलता एक मुलगा एराटोन एकाच नावेत होते. नाव फुटली. हाताशी आली एकच फळी आणि ती दोघांना घेऊन बुडायला लागली. तेव्हा ओनेतोरने एराटोनची बोटं एकेक करून फळीवरून सोडवली. गावात परतल्यावर मात्र, किनाऱ्यावर धावत आलेल्या मावशीला तो म्हणाला, “दुसऱ्या जहाजाने उचललं त्याला. येईल.” तेव्हापासून म्हातारी रोज जवाच्या पेजेचे दोन वाडगे भरत होती.

नाटकाच्या दिवशी सकाळीच ती शेळीच्या दुधाचं चीज घेऊन मुखवट्यांच्या खोपटात आली.

“ओनेतोर, आज तुझ्या तोंडून देव बोलणार. जरा विचार ना त्याला, माझा एराटोन कुठं आहे?”

“अगं मावशी, मी कसला द्रष्टा! गेल्या साली मीच राणी होतो.”

“ठाऊक आहे. राणी म्हणून अगदीच बेंगरूळ दिसत होतास.” ती हसली. “पण मुखवटा देवाचा असतो, बाळा. तू विचार तर खरं.”

तागाच्या मुखवट्यावर मिटलेले डोळे रंगवले होते आणि पाहायला दोन बारीक भोकं. ओनेतोर काठी आपटत रिंगणात आला तो जवळजवळ आंधळाच. समोर राजा गरजत होता, “भोंदू! बोकडाच्या काळजात बघून पोट भरणारा! बोल, कुठं आहे माझा भाऊ?” लोक खदखदून हसले.

आता आपण अडणार, असं ओनेतोरला वाटलं. अडला नाही.

“ज्याला शोधतोस, त्याची दोरी तूच कापलीस.”

तो आवाज त्याचा नव्हताच. टेकडीवर शेवटच्या ओळीतल्या माणसाच्याही अंगावर सरसरून काटा आला. गोर्गिप्पोस बेटा अभिनय विसरला आणि खरोखरच दोन पावलं मागे सरला. पण त्याच्याहून जास्त घाबरला तो ओनेतोर. मुखवट्याच्या आत आपण एकटे नाही, हे त्याला कळलं होतं. वाक्य राजाला सांगायचं होतं, पण आतल्या सांगणाऱ्याने ते ओनेतोरलाच सांगितलं होतं.

नाटक संपल्यावर द्रष्ट्याचा झगा अंगावर तसाच ठेवून तो मावशीपुढे गुडघ्यांवर बसला.

“मावशी, एराटोन नाही. त्याच दिवशी गेला. फळी एकालाच पेलत होती. त्याचा हात मी सोडवला.”

मावशीने खाडकन त्याच्या थोबाडीत दिली. मग दुसरी. मग तिचे हातच गळाले.

“तीन वर्षं,” ती पुटपुटली. “तीन वर्षं पोर तिथं ताटकळतंय आणि मी हाक मारली नाही. जित्या माणसाला ती हाक कोण मारतं? ऊठ, चल.”

परमुलखात किंवा समुद्रात मेलेल्याला त्याचं माणूस किनाऱ्यावरून तीनदा नावाने हाक मारतं. मग जीव घरी येतो. हाक नाही, तर येणं नाही.

पाण्याजवळ मावशी थांबली. “हाक तू मार.”

“मी? माझ्या हाकेला तो कसा येईल, मावशी?”

“कुठं बुडाला ते तुला ठाऊक. तू सोडलास, तूच बोलाव.”

ओनेतोरने हाक मारली. पहिली फुटलीच नाही धड. दुसरी वाऱ्याने नेली. तिसऱ्या हाकेला त्याचा ऊर फाटला आणि “एराटोन!” असा आवाज पाण्यावरून दूर दूर जात राहिला.

मावशी क्षणभर थांबली. मग वळली आणि मागे न बघता घराचा चढ चढू लागली.

“ये रे,” ती बोलत होती, “दमलास ना? इथले दगड सैल झालेत बघ, पाय जपून टाक.”

ओनेतोर अंग चोरून वाटेच्या कडेला उभा राहिला. तिच्या मागून येणाऱ्याला जायला जागा हवी होती.