गोधडीवरचा लॅपटॉप

मी एक जुना, जाडजूड लॅपटॉप आहे. मित्रांनो, माझी गोष्ट एका पत्रापासून सुरू करतो. ते गोविंदरावांना आलं होतं आणि त्यांनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

माझा जन्म कुठे झाला, मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा समोर सुरुची होती, गोविंदरावांची मुलगी. ती घरांचे नकाशे काढायची. अख्खी इमारत मी पडद्यावर गरगर फिरवून दाखवायचो. माझं वजन साडेतीन किलो आणि चार्जर विटेएवढा. तिच्या मैत्रिणी म्हणायच्या, "हा लॅपटॉप आहे की पाट?" पण कामाला लागलो की त्याच थक्क व्हायच्या.

पुढे सुरुचीने हलका लॅपटॉप घेतला आणि मला भोपाळला, अरेरा कॉलनीतल्या घरी आणलं. "बाबा, हा तुमचा डेस्कटॉप. टेबलावरून हलवायचा नाही. पडदा मोठा आहे, हवं तेवढं लिहा."

गोविंदराव आयुष्यभर पुस्तकांत रमलेले, बोलायला मात्र लाजाळू. त्यांनी केशवरावांचं पत्र माझ्या पडद्याला टेकवून ठेवलं. केशवराव त्यांचे जुने मित्र. पूर्वी इथेच भोपाळात, आनंद नगरात राहायचे, आता नागपूरला मुलाकडे असतात. पत्रात लिहिलं होतं, "गोविंदा, फोनवर तू बोलत नाहीस आणि मला ऐकू येत नाही. डोळेही चालले. मोठं छापील अक्षर तेवढं दिसतं, तेही किती दिवस कोण जाणे. पूर्वी वाचलेल्या पुस्तकाबद्दल सांगायचास, तसं काहीतरी लिही."

गोविंदराव रोज लिहायला बसत. मला मोठं कुतूहल, हा माणूस मित्राला काय सांगणार? पण थोडं लिहून होताच माझा जीव घाबरा होई. अंग तापे, पंखा घरघरे आणि मी बंद पडे. शुद्धीवर आलो की अर्धवट मजकूर पुढे करून विचारी, हवा का? ते 'नको' दाबत.

"अहो, परत बंद पडला?" मालतीबाई स्वयंपाकघरातून विचारत.

"हं. यंत्रालाही माझं लिखाण सोसत नाही."

"काहीतरीच! पुस्तकं वाचून नको ते सुचतं. पत्र लिहायचं तेवढं सुचत नाही."

आणि मालतीबाई प्रेमाने माझ्याखालची गोधडी नीट करत. एवढी महागाची वस्तू उघड्या टेबलावर कशी ठेवायची? खाली मऊ गोधडी, मागच्या बाजूला धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल. मित्रांनो, मी पोटाकडून हवा घेतो आणि पाठीकडून सोडतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सुरुची सुट्टीला आली. मला हात लावला आणि ओरडलीच, "आई! अगं, भाजतोय हा! याचं नाक-तोंड दाबलंय तुम्ही."

"मी?" मालतीबाई म्हणाल्या. "अगं, तुझ्यापेक्षा जास्त जपते मी त्याला!"

सुरुचीने गोधडी काढली, जाळीतली धूळ झटकली आणि मागच्या दोन कोपऱ्यांखाली कॅरमच्या सोंगट्या ठेवल्या. किती दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला!

गोविंदराव चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे... दोष माझ्या लिखाणाचा नव्हता?"

"बाबा, तुमचं लिखाण त्याने वाचलं तरी असेल का?"

मी वाचलं होतं. पण सांगणार कसा?

आता सबब उरली नव्हती. त्यांनी मोठ्ठ्या अक्षरांत सुरुवात केली. "केशवा, एक गंमत ऐक. माझा लॅपटॉप माझ्या लिखाणाने नव्हे, मालतीच्या गोधडीने तापत होता..." पुढे पुस्तकं आपोआप आली. मी शेवटपर्यंत थंड राहिलो. या वेळी त्यांनी मजकूर जपून ठेवला.

छापण्यासाठी मला भाजीच्या पिशवीत घालून ते टी. टी. नगरच्या छपाईच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार हसला. "अंकल, पेन ड्राइव्ह ले आते! पूरा दफ्तर उठा लाए?"

गोविंदराव लाजून म्हणाले, "इसी ने लिखा है, भैया. इसको भी लाना था."

मित्रांनो, वस्तू जरूर जपा, पण आधी ती श्वास कुठून घेते ते बघा. माणसाचंही तसंच असावं, असं मला वाटतं.

छापलेलं पत्र पाकिटात घालून गोविंदराव बाहेर लाल टपालपेटीपाशी बराच वेळ थांबले. पाकीट परत खिशात जातं की काय, म्हणून मी पिशवीत कान टवकारून बसलो.

मग पेटीच्या तळाशी पाकीट पडल्याचा आवाज आला.