घरच्यांच्या मते

मी बस चालवते. त्या माणसाला मी बसमधून उतरवलं नाही, तो स्वतःहून उतरला. मी फक्त गाडी थांब्याला लावली, किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि समोर बघत बसले. तो माझ्या सीटमागे उभा राहून ब्रेक कुठे लावावा, गियर कधी बदलावा हे सांगत होता. प्रत्येक सूचनेबरोबर माझ्या खांद्यावर एकदा बोट आपटत होता. बाकीच्या प्रवाशांनी आधी माझ्याकडे रागाने पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, म्हणून तो उतरला. जाताना म्हणाला, "तुमच्या स्वभावाची तक्रार करणार आहे मी."

केली. तक्रार सुवाच्य होती. बोटाचा उल्लेख नव्हता, बाकी सगळं खरं होतं.

डेपोच्या साहेबांनी ती मला वाचून दाखवली. साहेब वाईट माणूस नाही. त्यांना वरच्या ऑफिसला एक आकडा पाठवायचा असतो. तो मिळाला की ते कुणाच्या वाटेला जात नाहीत.

"आता नवीन पद्धत आहे," ते म्हणाले. "स्वभावाची तक्रार आली की स्वभाव मोजायचा. बाहेरचं केंद्र आहे, व्यक्तिमत्त्वावर संशोधन करणारं. ते मोजतात. राग चार किंवा त्याच्या वर निघाला तर स्टिअरिंग काढायचं आणि यार्डात गाड्या धुवायला पाठवायचं."

"आणि ज्याने खांद्यावर बोट आपटलं, त्याचं काय मोजणार?"

"तो आपला कर्मचारी नाही."

यार्डात काम करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण मला गाडी चालवता येते आणि ती चालवायला आवडते. ही दोन्ही सुखं एकाच नोकरीत कितीजणांना मिळतात, ते आपल्या आजूबाजूला बघून घ्या. मला हे स्टिअरिंग कुणी आंदण दिलं नव्हतं. चाचणीच्या दिवशी डेपोतले निम्मे ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन भिंतीवर बसले होते, बाई गाडी कुठे घासते ते बघायला. गाडी घासली नाही. ते चहा संपवून गेले. त्यातला एकही 'छान' म्हणाला नाही, आणि आज स्वभाव माझा मोजायचा होता.

केंद्र एका बँकेच्या वर होतं. संशोधन करणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, झोप अपुरी झाल्यासारख्या. धान्याच्या बाजारात मापाडी असतो, तशी ही माणसांची मापाडीण, म्हणून मी मनातल्या मनात तेच नाव ठेवलं. बोलायला सरळ होती.

"माणूस स्वतःबद्दल एक सांगतो," ती म्हणाली. "घरचे दुसरं सांगतात आणि तो वागतो तिसरंच. खरं म्हणजे तिन्ही बघायला पाहिजे. तुमच्या ऑफिसने पहिल्या दोनचेच पैसे दिलेत."

"म्हणजे मी कशी वागते ते कुणी बघणार नाही."

"नाही."

तिने कागद दिला. त्यावर वाक्यं होती आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी तसंच. 'मी लहानसहान गोष्टींवरून चिडते.' मी दोन दिले. 'मला कुणी मध्येच तोडलेलं खपत नाही.' पाच. 'मी आयुष्यात कधीही कुणाचं वाईट चिंतलेलं नाही.' इथे मला हसू आलं.

"हसलात ते बरं झालं," मापाडीण म्हणाली. "तो प्रश्न थापा पकडायला ठेवलाय. त्याला पाच देणाऱ्याचा अख्खा कागद आम्ही बाजूला काढतो."

"असे असतात?"

"पुष्कळ. साहेब लोक जास्त."

निघताना तिने घरच्यांसाठी तीन पाकिटं दिली: नवरा, सासू, नणंद. प्रत्येकाने एकट्याने भरायचं, आपसात बोलायचं नाही, मला दाखवायचं नाही, चिकटवून द्यायचं. हे तिने सावकाश सांगितलं. मी घरी तसंच सावकाश सांगितलं.

आमच्या घरात कुणी काहीही एकट्याने करत नाही. नवऱ्याचा शर्ट घ्यायचा तरी चौघं जातात आणि पाचव्याला फोन करतात. त्यामुळे जेवणं झाल्यावर तिन्ही पाकिटं टेबलावर आली आणि तिघं भोवती बसली. मला दाखवायचं नाही हा नियम मात्र आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कसोशीने पाळला. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मांडीवर मटाराच्या शेंगा दिल्या.

"'ही व्यक्ती लहानसहान गोष्टींवरून चिडते,'" ताईंनी वाचलं. ताई म्हणजे माझी नणंद, खालच्याच मजल्यावर राहते, शाळेत शिकवते.

"लहान म्हणजे केवढी?" नवऱ्याने विचारलं.

"तू आधी काय वाटतं ते सांग."

"मला तर ती चिडलेली आठवतच नाही."

"चष्म्याचं दुकान आहे ना रे तुझं?" आई म्हणाल्या. "एकदा स्वतःच्या डोळ्यांचा नंबर काढ. पाच लिही."

"आई, पाच लिहिलं तर तिचं स्टिअरिंग जाईल," ताई म्हणाल्या.

"मग खोटं लिहू का? परवा झाकण कुठे ठेवलं म्हणून माझ्यावर खेकसली."

"झाकण तुम्ही फ्रीजमध्ये ठेवलं होतं," मी भिंतीला सांगितलं.

"तू बोलू नकोस. तुझ्याबद्दल चाललंय."

नवरा म्हणाला, "मग एक लिहू. सगळीकडे चांगलं लिहू."

"तेही पकडतात. मी वाचलंय," ताई म्हणाल्या. "फार गोड लिहिलं की कागद बाद."

"आणि ती यार्डात गेली," आई म्हणाल्या, "की दिवसभराचा राग संध्याकाळी माझ्यावर. म्हणजे मी खरं लिहिलं तरी मलाच भोगायचं, खोटं लिहिलं तरी मलाच."

मग माझा नवरा, जो वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून 'ही बरी की ती बरी' विचारत आलाय, म्हणाला, "गिऱ्हाईकाला ठरवता येत नाही तेव्हा आम्ही मधली देतो. तक्रार येत नाही."

त्यांनी सगळीकडे तीन लिहिलं. तिघांनीही. 'या व्यक्तीला माणसांत मिसळायला आवडतं' – तीन. 'ही व्यक्ती दिलेला शब्द पाळते' – तीन. 'ही व्यक्ती दुसऱ्याच्या दुःखाने हळवी होते' – तीन. ताई वाचत होत्या, बाकीचे दोघं 'तीन' म्हणत होते, शाळेत पाढे म्हणतात तसं. पाकिटं चिकटवली. आईंनी मला शेंगा सोलून झाल्या का विचारलं आणि वळून बसायची परवानगी दिली.

आठवडाभराने मापाडिणीने बोलावलं. तिच्यापुढे माझा कागद आणि घरच्यांचे तीन.

"तीन माणसांचं एकमेकांशी इतकं जुळलेलं मी कधीच पाहिलं नाही," ती म्हणाली. "जुळ्या भावंडांचंही जुळत नाही."

मी ते तीन कागद उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न केला.

"या कागदांप्रमाणे तुम्ही ना शांत ना तापट, ना बोलक्या ना अबोल, ना विश्वासू ना लबाड. तुमच्यात काही कमी नाही आणि काही जास्तही नाही. असा माणूस भेटल्याचं मला आठवत नाही." मग तिने पेन खाली ठेवलं. "तुमच्या साहेबांना हाच आकडा चालेल. त्यांनी फोनवर सांगितलं, असाच ड्रायव्हर हवा. हे असंच पाठवलं तर तुमची गाडी तुमच्याकडे राहते. पण मला विचारावं लागतं, म्हणून विचारते. हे तिघांनी वेगवेगळं भरलंय?"

'हो' म्हटलं असतं तर संपलं होतं. तिलाही तेच हवं असावं, तिची झोप आधीच अपुरी होती. पण माझ्यासमोर तो कागद होता. शब्द पाळते – तीन. आईंच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर कोण झोपलं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. हळवी होते – तीन. मला पाच द्या, तापट म्हणा, मी भांडून घेईन. एक द्या, उपकार मानणार नाही. पण मी इतकी वर्षं त्या घरात राबले ती काय तीन होण्यासाठी?

"एकत्र बसून भरलंय," मी म्हटलं. "मी पण तिथेच होते. भिंतीकडे तोंड करून."

तिने ते लिहून घेतलं. हसली नाही, याचं मला बरं वाटलं. "मग पुन्हा भरावं लागेल. इथे, वेगवेगळ्या खोल्यांत. आणि राग चारवर गेला तर मी तो खाली आणणार नाही."

"आणू नका."

घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "चांगलं चाललं होतं की." आई म्हणाल्या, "हीच ती सवय." पण आल्या. तिघांनाही तीन खोल्यांत बसवलं. नवरा लगेच बाहेर आला. ताई थोड्या वेळाने आल्या आणि माझ्याकडे न बघता पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या. आईंना सगळ्यात वेळ लागला. मागच्या बाजूला लिहिलं तर चालेल का, असं त्यांनी दोनदा दार उघडून विचारलं. जाताना तिघं एकाच बसने गेले आणि थांब्यापर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. आमच्या घराच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं.

मापाडिणीने अहवाल डेपोत स्वतः आणून दिला. रागापुढे चार आकडे होते. नवऱ्याच्या मते एक, ताईंच्या मते चार, आईंच्या मते पाच, माझ्या स्वतःच्या मते दोन.

"यांचा एक आकडा करू नका," ती साहेबांना म्हणाली. "तिघं तीन ठिकाणी बघतात. नवऱ्यासमोर ती तशी आहे आणि सासूसमोर अशी. गाडीवर कशी आहे ते यातल्या कुणीच पाहिलेलं नाही. हे मी शेवटी लिहिलंय."

"हो, हो," साहेब म्हणाले आणि कॅल्क्युलेटर काढला. एक, चार, पाच, दोन. बेरीज करून चारने भागलं. "तीन. बरोबर तीन. मग उगाच एवढा घोळ कशाला घातला? आधी पण तीनच होतं." त्यांनी चौकटीत तीन लिहिलं आणि गाडीची किल्ली माझ्यापुढे सरकवली.

मापाडीण काहीतरी म्हणणार होती. मग तिने पिशवी उचलली आणि दारातून निघून गेली. तिला मी दोष देत नाही. तिचं काम मोजायचं. मोजलेलं पाण्यात घालायला वेगळी माणसं नेमलेली असतात.

खरं तर मी आनंद मानायला हवा होता. स्टिअरिंग वाचलं होतं. घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने मानला. आई मात्र उठून उभ्या राहिल्या.

"तीन कसं येईल? मी पाच लिहिलं होतं."

"सरासरी काढली, आई."

"माझं पाच कुठे गेलं?"

"ह्यांच्या एकात गेलं," मी म्हटलं.

"म्हणजे मी त्या बंद खोलीत एकटी बसून, मागच्या बाजूला कारणांसकट लिहिलेलं, ह्याच्या एकात बुडवलं? आणि हा म्हणतो तुला रागच येत नाही?" त्या चपला शोधायला लागल्या. "मी जाते त्या साहेबाकडे."

"अगं आई, तिचं काम जाईल," नवरा म्हणाला.

"तिच्या कामाचा काय संबंध? प्रश्न माझ्या मताचा आहे."

मी त्यांना अडवायला हवं होतं. ताईंनी नंतर तसं तोंडावर सांगितलंही. पण त्या घरात तेवढ्या एका बाईने माझ्याकडे नीट बघून, मनापासून काहीतरी लिहिलं होतं, आणि ते कॅल्क्युलेटरने खाल्लं होतं. "माझी ड्युटी आहेच," मी म्हटलं. "चला, बरोबर जाऊ."

साहेबांनी आईंना खुर्ची दिली. आई बसल्या नाहीत.

"ही तापट आहे. लिहा."

"आजी, लिहिलंय तुम्ही, पोचलंय आमच्याकडे."

"चौकटीत तीन आहे. मी इथून वाचते, माझा चष्मा माझ्या मुलाने केलाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून माझ्या गाडीकडे पाहिलं. "आजी, चौकट बदलली तर मला हिला यार्डात पाठवावं लागेल. तुम्हाला चालेल?"

आईंनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "यार्डात कशाला? तापट आहे, गाडी नीट चालवते. दोन्ही लिहा. चौकटीत मावत नसेल तर बाहेर लिहा."

"असं लिहिता येत नाही."

"मग मी थांबते," आई म्हणाल्या, आणि आता त्या खुर्चीत बसल्या.

बराच वेळ गेला. बाहेर माझ्या थांब्यावर प्रवासी जमले. शेवटी साहेबांनी पेन घेतलं आणि चौकटीबाहेर, समासात लिहिलं: सासूच्या मते तापट, गाडी नीट चालवते. आईंनी चष्मा सावरून वाचलं आणि 'चालवते'वरची मात्रा पुसट आहे, ती गडद करायला लावली.

"हे फाइलमध्ये राहणार," साहेब मला हळूच म्हणाले. "पुढची तक्रार आली की कुणीतरी 'तापट' एवढंच वाचेल. मग मला सांगू नका."

"नाही सांगणार."

"खोडू का? अजून वेळ आहे. त्या गेल्यावर खोडतो."

"राहू द्या," मी म्हटलं, किल्ली घेतली आणि गाडी काढायला गेले.