दोन्ही कडा सरळ

भिंगरी जाणार ही बातमी बालगृहात सगळ्यांना एकाच सकाळी कळली, कारण अधीक्षक बाई मावशींना ती सांगत होत्या तेव्हा ऑफिसचं दार उघडं होतं. कागदपत्रं पुरी झाली होती. तीन आठवड्यांनी नवे आईबाबा येणार होते. जन्मल्यानंतर नवव्या दिवशी या इमारतीत आलेली भिंगरी साडेपाच वर्षांची झाली होती आणि आता कायमची आपल्या घरी जाणार होती.

मावशी इथे एकोणीस वर्षं कामाला होत्या. मुलांना न्हाऊ घालणं, केस विंचरणं, ओली अंथरुणं बदलणं, तापात उशाशी बसणं ही त्यांची कामं. मूल घरी जातं ही चांगलीच गोष्ट, असं त्या दर वेळी स्वतःला समजावत आणि दर वेळी दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

या वेळी मात्र त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट घर करून होती. मागच्या वर्षी नुकतीच मिसरूड फुटलेला एक मुलगा फाटकाशी येऊन उभा राहिला होता. सात वर्षांचा असताना तो इथून गेला होता. त्याने विचारलं, "मावशी, मी लहानपणी कसा होतो?" मावशींनी आठवेल तेवढं सगळं सांगितलं. त्याला गोवर आला होता, रांगताना तो पुढे जायच्या ऐवजी मागे मागे जायचा, आंघोळीला काढला की अख्खी इमारत डोक्यावर घ्यायचा. मुलगा पोट धरून हसला. मग म्हणाला, "एखादा फोटो आहे का?" फोटो नव्हता. "असू दे," तो म्हणाला. ते 'असू दे' मावशींना कित्येक दिवस टोचत राहिलं.

म्हणून त्यांनी अधीक्षक बाईंना विचारलं, "भिंगरीबरोबर काय काय देणार?"

"फाइल. लसीकरणाचं कार्ड, दाखला, तब्येतीचे कागद."

"आणि फोटो?"

अधीक्षक बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहवालासाठी काढलेले आहेत की कॉम्प्युटरवर. पण बहुतेक सगळे घोळक्यातले. आणि नियम तुम्हाला माहीत आहे मावशी. दुसऱ्या मुलांचे चेहरे बाहेर जाता कामा नयेत."

"मग कापून घेऊ. मी त्याची वही करते. ते स्क्रॅपबुक म्हणतात ना, तसं."

"तुम्हाला येतं?"

"नाही येत. पण इथे आले तेव्हा पोरं सांभाळायला तरी कुठे येत होतं."

दोन दिवसांत अधीक्षक बाईंनी बेचाळीस फोटो छापून आणले. त्रेचाळिसावा कपाटातल्या जुन्या पाकिटात सापडला. टॉवेलात गुंडाळलेली नऊ दिवसांची भिंगरी, मुठी आवळलेली, जगावर रागावलेली. त्याची कॉम्प्युटरवरची फाइल कधीच हरवली होती. ही एकच प्रत.

मावशींनी दुपारी जेवणघराच्या टेबलावर कपडे कापायची मोठी कात्री घेऊन सुरुवात केली. पहिल्या फोटोत भिंगरी झोपाळ्यावर बसली होती आणि तिच्या शेजारी तिघंजण उभे होते. कात्री खालून सरळ निघाली आणि वर जाईपर्यंत तिरकी झाली. ती कड सरळ करायला मावशींनी पुन्हा थोडं कापलं, तर दुसरी बाजू उतरती दिसायला लागली. म्हणून तीही कापली. शेवटी झोपाळा गेला, भिंगरीचा डावा हात गेला.

भांडी लावत असलेली स्वयंपाकीण मान वळवून म्हणाली, "मावशी, आणखी एकदा सरळ केलात तर त्याचं टपालतिकीट होईल."

"कात्रीला धार नाहीये."

"हो, आणि अंगणही वाकडं आहे."

मावशी हसल्या. त्यांनी पाकिटातला तो एकच जुना फोटो टेबलावरून उचलला आणि दोन वह्यांच्या मध्ये नीट दाबून ठेवला. मग पदर खोचून त्या स्टेशनरीच्या दुकानात गेल्या.

दुकान एक उंच बाई चालवत होती. केसांच्या अंबाड्यात तिने पेन्सिल खोचलेली होती. घरी जाणाऱ्या एका मुलीला वही करून द्यायचीय, फोटो कापायचं काहीतरी हवंय, असं मावशींनी सांगितल्यावर तिने लगेच काही काढून दाखवलं नाही.

"आधी मला सांगा ताई, कापणार कोण, कुठे बसून आणि किती?"

"मीच कापणार. चाळीसेक फोटो आणि मागे लावायचे रंगीत कागद. जेवणघराच्या टेबलावर."

"आजूबाजूला कुणी असतं?"

"नऊ मुलं."

दुकानवालीने भुवया उंचावल्या. मग तिने खालच्या फळीवरून लांब लोखंडी दांड्याचा कटर उचलून समोर ठेवला. "बहुतेक लोक येतात ते थेट याच्याकडे बोट दाखवतात. दांडा खाली ओढला की गठ्ठाच्या गठ्ठा कापला जातो. पण फोटोचा कागद गुळगुळीत असतो, नीट दाबून नाही धरला तर शेवटी सरकतो. आणि पातं हे असं उघडं. नऊ मुलांत हा नको." तो तिने पुन्हा खाली ठेवला.

दुसरी वस्तू म्हणजे हिरवी कटिंग मॅट, स्टीलची पट्टी आणि बारीक सुरी. "यासारखं दुसरं काही नाही. पुस्तकं बांधणारे बाइंडर आमच्याकडून फक्त हेच नेतात. पण त्यांचा हात बसलाय. तुमच्याकडे दिवस किती आहेत?"

"अठरा."

"मग तुमचा हात बसेपर्यंत वही द्यायची वेळ येईल."

शेजारी एका डब्यात ठसे मारून आकार कापणारी छोटी यंत्रं होती. बदाम, चांदण्या, ढग. मावशींचा जीव तिथे घुटमळला. दुकानवालीने ते पाहिलं. "घ्या हवं तर एक. पण पहिल्या आठवड्यात सगळ्यांना आवडतात आणि दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक चेहरा बदामात बघून कंटाळा येतो."

शेवटी तिने एक चपटी पांढरी पाटी काढली. तिच्यावर चौकटी आखलेल्या होत्या आणि मधून एक रूळ गेला होता. रुळावर बोटाएवढी खुंटी सरकत होती, आणि पातं त्या खुंटीच्या पोटात लपलेलं होतं. "हा ट्रिमर. नवशिक्यांना मी हाच देते. कागद चौकटीला लावायचा, ही पारदर्शक पट्टी खाली पाडायची, म्हणजे कुठे कापलं जाणार ते आधी दिसतं. मग खुंटी हलक्या हाताने आपल्याकडे ओढायची. बोट पात्यापर्यंत पोचत नाही. याला फक्त सरळ कापता येतं, गोल नाही. आणि एका वेळी एकच फोटो."

मावशींनी जुन्या कॅलेंडरचं पान कापून पाहिलं. मग पिशवीतून तो बिघडलेला फोटो काढून त्याचीच एक कड कापली. कापलेला कोपरा त्यांनी पावती पुस्तकाच्या कोपऱ्यावर ठेवला. बरोबर जुळला. एकोणीस वर्षं चादरींच्या घड्या घातलेल्या बाईला काटकोन ओळखायला यंत्र लागत नाही.

"ती काचेतली गुलाबी पेटी पण तसलीच ना?" त्यांनी विचारलं.

"तसलीच, आणि दिसायला जास्त छान. पण तिची सुटी पाती मिळत नाहीत. पातं बोथट झालं की अख्खी पेटी माळ्यावर. याची पाती माझ्याकडे कायम असतात." ती ट्रिमर कागदात गुंडाळताना म्हणाली, "आणि एक लक्षात ठेवा ताई. ज्याची एकच प्रत आहे, त्याला पातं लावायचं नाही. आधी दुसरी प्रत काढायची, मग कापायची हौस भागवायची."

मावशींनी ते मनाशी पक्कं केलं. नऊ दिवसांच्या भिंगरीचा फोटो दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्कॅन झाला आणि मूळ फोटो जसाच्या तसा वहीच्या पहिल्या पानावर बसला.

काम पुढे सरकलं. मावशी दुपारी अर्धा तास बसत. फोटो चौकटीला लावायचा, पट्टी पाडायची, खुंटी ओढायची. बारीक 'सर्र' असा आवाज येई. चौथ्या दिवशी तो आवाज ऐकून भिंगरी टेबलाशी आली. ती कधी एका जागी उभी राहात नसे, म्हणून तर ते नाव पडलं होतं. त्या दिवशी मात्र ती उभी राहिली.

"मावशी, हे काय करतेस?"

"तुझी वही. तू तुझ्या घरी नेणार आहेस ती."

"मी ओढू?"

मावशींनी क्षणभर विचार केला. खुंटीखाली बोट घालून पाहिलं, बोट पात्याला लागेना. मग तिला मांडीवर घेतलं. "हलक्या हाताने. मांजराच्या पाठीवरून हात फिरवतो तसा."

भिंगरीने खुंटी ओढली. फोटोचे दोन भाग झाले. तिने दोन्ही उचलून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. एका भागात ती स्वतः होती. दुसऱ्या भागात ढोलकी होता, तिच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा, गुबगुबीत, सहा वर्षांचा, तिचा जिवाभावाचा मित्र.

"ढोलकीला का काढला?"

"त्याचा चेहरा बाहेर न्यायचा नाही, असा नियम आहे."

"त्याने काय केलं?"

"काही नाही केलं ग. त्याचा फोटो कुणाकडे असावा हे तो मोठा झाला की तो ठरवेल. म्हणून आता आपण द्यायचा नाही."

भिंगरी मांडीवरून उतरून निघून गेली. त्या दिवशी ती खोलीत कुणाशी बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशीही टेबलाकडे फिरकली नाही. मावशींना वाटलं, आपण वही करायला गेलो आणि पोरीला जायच्या आधीच तोडून बसलो. त्यांनी उरलेले फोटो समोर पसरले आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

मग त्यांना दिसलं की जवळजवळ प्रत्येक फोटोत कुणीतरी कुणाला तरी धरलेलं होतं. ढोलकीचा हात भिंगरीच्या खांद्यावर. कुणाची तरी बोटं तिच्या वेणीत. पाठीमागून कमरेला मिठी मारलेले दोन छोटे हात. मावशी एक फोटो घेऊन ऑफिसात गेल्या.

"बाई, नियम चेहऱ्याचा आहे ना?"

"हो."

"हाताचा नाही?"

अधीक्षक बाईंनी फोटो हातात घेतला आणि पट्टीसारखं आपलं बोट त्यावर आडवं धरलं. "हातावरून कुणी कुणाला ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "कापा."

संध्याकाळी मावशींनी भिंगरीला आणि ढोलकीला दोघांनाही टेबलाशी बसवलं. पट्टी खाली पाडली आणि रेघ ढोलकीच्या मनगटापाशी आणली. "आता ओढ."

भिंगरीने ओढलं. तिच्या तुकड्यात खांद्यावर एक गुबगुबीत हात राहिला होता.

"हा माझा हात," ढोलकी अभिमानाने म्हणाला. मग त्याने उरलेला तुकडा उचलला. त्यात तो होता, हसणारा, एक हात नसलेला. "आणि हा मी कुठे जाणार?"

मावशींनी तो तुकडा हातात घेऊन पाहिला. कात्रीने कापला असता तर तो कचऱ्यात गेला असता. ट्रिमरने मात्र दोन्ही कडा सरळ निघाल्या होत्या. भिंगरीची जितकी नीट, तितकीच ढोलकीची.

"तुझ्या वहीत," त्या म्हणाल्या. हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

दोन दिवसांत टेबलावर बाकीच्या मुलांची आठ पाकिटं झाली. भिंगरीच्या फोटोंतून जे जे सुटे होत होतं, ते ज्याच्या त्याच्या पाकिटात जात होतं. मुलं रांगेत उभी राहून आपापला तुकडा ओळखत. एकदा दोघांत एका कानावरून भांडण झालं आणि शेवटी कान स्वयंपाकिणीचा निघाला.

नवे आईबाबा ठरल्या दिवशी सकाळी दहाला आले. आई घड्याळाकडे बघत नव्हती आणि बाबा सारखे बघत होते. त्यांनी भिंगरीसाठी एक बाहुली आणली होती. भिंगरीने ती घेतली आणि बाजूला ठेवली. मग वही आईच्या मांडीवर उघडली.

"ही मी. मला राग आला होता," ती पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाली. पान उलटलं. "हा ढोलकीचा हात. ही बोटं माझी वेणी ओढतायत. हे कोण ते सांगायचं नाही, पण मला माहीत आहे."

नवी आई प्रत्येक हातावर हळूच बोट ठेवत गेली. पंधराव्या पानानंतर वही कोरी होती.

"इथे काय लावायचं?" तिने विचारलं.

"ते तुम्ही दोघी ठरवा," मावशी म्हणाल्या. त्यांनी कोरं पान तळव्याने सारखं केलं. नव्या आईने वर पाहिलं आणि कुणी न सांगता मावशींचा हात धरला. निघताना तिने भिंगरी कुठल्या कुशीवर झोपते, भाजी कुठली बाजूला काढते, घाबरली की काय करते, हे सगळं विचारून लिहून घेतलं. भिंगरी फाटकापर्यंत उड्या मारत गेली. तिथे ती थांबली, परत पळत आली, मावशींच्या पोटात तोंड खुपसून उभी राहिली आणि मग बाबांचा हात धरून गेली.

त्या दुपारी मावशी जेवल्या. अर्धंच, पण जेवल्या.

पुढच्या सोमवारी त्या ढोलकीचं पाकीट घेऊन बसल्या. त्यात जेमतेम चार तुकडे होते, आणि चारही एकाच वर्षातले. त्या उठून ऑफिसात गेल्या.

"बाई, कॅमेरा माझ्याकडे द्याल? अहवालासाठी नको. रोजचे फोटो काढायचेत. एकेकाचे, वेगवेगळे."

"तुम्हाला येतं?" अधीक्षक बाईंनी विचारलं, पण विचारता विचारताच त्या कपाटाची किल्ली शोधत होत्या.

ढोलकी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. मावशींनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. मग दोघांनी डोकं जुळवून पडद्यावर पाहिलं. बूट छान आला होता, नाडी छान आली होती. गळ्याच्या वर काहीच नव्हतं.

"मावशी, माझं डोकं कुठे आहे?"

"थांब, शोधते," मावशी म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या.