दारावरची थर्मोस्टॅटची माळ

सेरवाला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. आज मामपाँगचा चढ! डुफीमावशीची अठरा वर्षं जुनी सेडान न उकळता माथ्यावर पोचली, तर मास्टर आजेकुम सेरवाला शिकाऊपणातून मोकळं करणार होते. रीतीप्रमाणे डोक्यावर पांढरी पावडर, हातात दाखला आणि स्वतःच्या गॅरेजची पाटी! नाही पोचली, तर आणखी एक वर्ष त्यांच्याच हाताखाली. सव्वीस वर्षांच्या बाईनं दुसऱ्याच्या पाने-पकडी पुसायच्या तरी किती? परीक्षा नेहमी याच चढावर व्हायची, कारण तरुणपणी मास्टरांची स्वतःची टॅक्सी इथंच उकळून उकळून भंगारात गेली होती.

ही गाडीही मोठी लबाड. शहरात गुणी बाळ, चढ दिसला की बॉनेटमधून वाफ. सुआमेतल्या, कुमासीच्या त्या गॅरेजवस्तीतल्या, तीन फिटरांनी हात टेकले होते. रेडिएटर बदलून झाला, पंप बदलून झाला, हेड उतरवून नवं गॅस्केटही घातलं.

सोमवारी गाडी उकळून बंद पडली तेव्हा सेरवानं रेडिएटरला हात लावला, तर तो कोमट! इंजिनात उकळी फुटलेली आणि रेडिएटरला पत्ताच नाही. गरम पाणी आडवाटेनं परत इंजिनातच फिरत होतं. पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडायचं आणि ती आडवाट बंद करायची, हे काम थर्मोस्टॅटच्या झडपेचं, आणि तो लटकत होता मास्टरांच्या गॅरेजच्या दारावर.

परदेशातून जुनी गाडी आली की थर्मोस्टॅट आधी उपटायचा, ही सुआमेची रीतच. "थंड मुलखाचं खूळ," मास्टर म्हणायचे, "कुमासीच्या उन्हात त्याचं काय लोणचं घालायचंय?" उपटलेल्या प्रत्येक थर्मोस्टॅटवर मालकाचं नाव रंगवून ते तो तारेत ओवायचे. बऱ्याच गाड्यांचं काही बिघडत नसे. हिचं बिघडलं.

सेरवानं माळेतून डुफीमावशीचा काढला आणि मक्याचे केंके उकडून विकणाऱ्या बाईच्या उकळत्या पातेल्यात सोडला.

"अगं ए! माझ्या पाण्यात लोखंड शिजवतेस?"

"उघडला! बघ, उघडला!" सेरवा नाचायचीच बाकी होती. तिनं तो गुपचूप बसवला. मास्टरांना सांगायची छाती झाली नाही.

आता ती चालवत होती, शेजारी मास्टर, मागे डुफीमावशी. शहर सुटायच्या आतच मास्टर ओरडले, "थांबव! तापमानाचा काटा अर्ध्यावर! सपाटीवर कधी इतका चढला नव्हता!"

"मास्टर, मी थर्मोस्टॅट परत बसवलाय. आता काटा अर्ध्यावरच राहायला हवा."

"कुठला?"

"तुमच्या दारावरचा."

"गाडी थांबव, सेरवा."

"नाही थांबवणार!"

"चालव गं तू!" मागून मावशी कडाडली. "गाडी कुणाची? माझी!"

चढ लागला. पुढे रताळ्यांनी भरलेला ट्रक रांगत होता. सेरवानं गिअर उतरवला, हॉर्न दाबला आणि त्याला मागे टाकलं. काटा अर्ध्यावर. पहिलं वळण, दुसरं वळण, काटा अर्ध्यावर! तिचे हात घामानं निसटत होते आणि छाती आनंदानं फुटायला आली होती. मास्टर काट्यावरून नजर हलवत नव्हते. माथा आला, आणि वाफेचा मागमूस नाही.

मास्टरांनी बॉनेट उघडून रेडिएटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "आई गं! तापलाय की!" म्हणत ते खो खो हसले. खिशातला पावडरचा डबा त्यांनी तिथंच तिच्या डोक्यावर उपडा केला. मावशीनं भर रस्त्यात फेर धरला.

गॅरेजवर परतल्याबरोबर मास्टरांनी माळ खाली काढली. "नावं वाच. ज्यांच्या गाड्या उकळतात त्यांना बोलावून घेऊ."

पावडरनं माखलेल्या चेहऱ्यानं सेरवा एकेक नाव वाचत गेली. तळाशी गंजलेल्या शेवटच्यावर ती अडली.

"वाच की."

"आजेकुम."

मास्टरांनी तो तारेतून सोडवला, बराच वेळ अंगठ्यानं पुसला आणि तिच्या हातात ठेवला.

"हा तुझ्या दारावर टांग," ते म्हणाले. "एकटाच."