गॅरेजमधल्या खिळ्यावरून

मित्रांनो, मला ओळखलंत का? मी एक जुनं हेल्मेट आहे, बर्फावरच्या हॉकीतल्या गोलकीपरचं. पुढे लोखंडी जाळी, हनुवटीखाली पट्टा. कॅनडातल्या आमच्या गावात सहा महिने बर्फ आणि बारा महिने हॉकी. ओरेस्टने मला आपल्या मुलासाठी, मार्कोसाठी आणलं. त्याच्या आईने माझ्या कपाळावर गव्हाची ओंबी रंगवली.

मार्कोला अमेरिकेतल्या एका कॉलेजने संघात घ्यायचं कबूल केलं होतं. शिक्षणही फुकट. फक्त तिथल्या प्रशिक्षकाने बजावलं होतं, कॅनडातल्या मोठ्या ज्युनिअर लीगमध्ये, म्हणजे विशीच्या आसपासच्या पोरांच्या स्पर्धेत, एकही सामना खेळायचा नाही. त्या लीगमध्ये पोरांना हातखर्च मिळे, म्हणून कॉलेजं त्यांना व्यावसायिक धरत. सराव सामनासुद्धा चालत नसे.

सप्टेंबरात गावातच त्या लीगचा सराव सामना होता. त्या लीगमधल्या आमच्या गावच्या संघाचा एक गोलकीपर तापाने घरी, दुसरा जांघ धरून बर्फावर आडवा. मार्को नुसता बघायला आला होता. नंतर त्याचा स्वतःचा सराव होता, म्हणून मीही पिशवीत होतं. संघाचा प्रशिक्षक धावत आला.

"शेवटची दहा मिनिटं उभा राहा, पोरा."

"नको. माझं कॉलेज जाईल."

"सराव सामना तो, कोण विचारतंय?" ओरेस्ट म्हणाला. "अख्खं गाव हाक मारतंय, आणि तू कॉलेजचं काय घेऊन बसलास?"

मार्कोने मान खाली घातली आणि मला चढवलं. माझ्या आत त्याचा श्वास कोंडला होता. पट्टा तोडून पडावंसं वाटलं, पण आम्हा वस्तूंना कुठली मुभा? त्याने एकही गोल होऊ दिला नाही. गाव त्याचं नाव घेऊन नाचलं.

विचारणारे निघालेच. कॉलेजने जागा दुसऱ्याला दिली. इकडे संघाचे गोलकीपर बरे झाले, तेव्हा संघाने मार्कोला एक टोपी देऊन वाटेला लावलं. तेलही गेलं, तूपही गेलं. मार्को धान्याच्या कोठारावर कामाला लागला आणि मी या खिळ्यावर, तोंड भिंतीकडे. बापलेक एका टेबलावर जेवत, पण हवापाण्यापलीकडे बोलत नसत.

परवा रेडिओवर सांगितलं, कॉलेजांचा तो नियम उठला. मार्को आता तिशीला टेकलाय. ओरेस्ट गॅरेजमध्ये आला. मला बाहीने पुसलं आणि काय मनात आलं कोण जाणे, स्वतःच्याच डोक्यावर चढवलं. जाळीआड म्हातारा रडला. मग पट्टा सुटेना.

मार्को दारात उभा होता. तो आत आला.

"बाबा, उलटा लावलाय," तो म्हणाला आणि वाकून पट्टा सोडवू लागला.

"तू नको म्हणाला होतास रे."

"हं. मान वर करा जरा."

मी पुन्हा खिळ्यावर आहे, तोंड भिंतीकडेच. मित्रांनो, पक, म्हणजे हॉकीची ती रबरी चकती, अडवणं माझं काम, ते मी केलं. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा एखादं पोर 'नको' म्हणालं, तर टाळ्या वाजवण्याआधी ते ऐका.