आत ये म्हटल्याशिवाय

माझ्या लेकीची ही वागणूक मला बिलकूल पसंत नाही, आणि मनात ठेवून कुढणाऱ्यांतली मी नव्हे. लेक म्हणजे चाळिशी उलटलेली बाई. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढते, आणि घरी येऊन वाचते काय, तर रक्त पिणाऱ्या पोराची प्रेमकहाणी! गवंड्यानं सुट्टीच्या दिवशी घरी विटा रचत बसावं, तशातली गत.

पुस्तकं तरी किती? पाच. एकेक विटेसारखंच जाड. पहिलं कुणी कॉलेजची पोरगी लॅबच्या बाकावर विसरून गेली. न्यायला कुणी आलं नाही, म्हणून हिनं सहज उघडलं, आणि मग पुढचे भाग वाचनालयातून ओढत आणले. तिथल्या बाईनं विचारलं म्हणे, "मुलीसाठी नेताय का?" ही म्हणाली, "हो." मला सांगताना हसली. मी हसले नाही. हिचं लग्नच झालं नाही, मुलगी कुठून असणार? घरात आम्ही दोघीच. हिचा बाप गेला तेव्हा ही माझ्या कमरेएवढी होती.

मी उशा भरते. पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे घर, आणि कापूस दोन्हीकडे. संध्याकाळी ही आली की चहा घेऊन माझ्यासमोर खुर्ची ओढते आणि मोठ्यानं वाचते. माझी शाळा लवकर सुटली. अक्षर मला कळतं, पण जोडाक्षर आलं की दमून बसते. आणि आता डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक छपाई माशांसारखी पळते. म्हणून ही वाचणार, मी ऐकणार आणि नावं ठेवणार, अशी आमची वाटणी.

नावं ठेवायला जागाही भरपूर होती. तो पोरगा दिसायला सतरा वर्षांचा, पण जन्माला येऊन दीडशे वर्षं झालेली.

"एवढा घोडा, आणि शाळेतल्या पोरीच्या मागे?" मी म्हटलं. "आमच्या गल्लीत असता तर चपलेनं हाणला असता."

"आई, तो मनानं चांगला आहे."

"हात गार, ओठ गार, तोंड पांढरंफटक. लॅबमध्ये आण त्याला. हिमोग्लोबिन बघ आधी."

"अगं, तसं वर्णन असतं."

"जेवत नाही, झोपत नाही. संसार कशाचा करणार ती? भांडी घासावी लागणार नाहीत, एवढंच काय ते सुख."

ती पुस्तक छातीशी धरून हसायची. पुस्तकातली माणसं एकमेकांच्या जवळ आली की मात्र हिचा आवाज खाली जायचा आणि दोन पानं एकदम उलटायची. "पुढे विशेष काही नाही," म्हणायची. मी म्हणायचे, "विशेष नसतं तर तू कुठून झालीस?"

त्या पुस्तकातली एकच गोष्ट मला पटली. रक्तपित्याला कुणाच्याही घरात आपण होऊन शिरता येत नाही. आतल्या माणसानं 'आत ये' म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर उंबऱ्याबाहेर उभा राहील, वादळ येवो की आग लागो. मी म्हटलं, "नियम चांगला आहे. जिवंत माणसांनाही लावायला हवा."

लेकीनं पान उलटलं. कुणाबद्दल बोलले ते तिला कळलं होतं.

लॅबच्या गाडीवर एक ड्रायव्हर आहे. गावोगावच्या दवाखान्यांतून रक्ताच्या बाटल्या गोळा करून आणतो. पन्नाशीचा, विधुर, केस पांढरे. जाता जाता हिला दारापर्यंत सोडतो. सोडतो आणि पायरीखाली उभा राहतो, टोपी हातात घेऊन. मी आतून बघते. तो मान लववतो. मी मान हलवते. 'या' म्हणत नाही. का म्हणावं? तो माझ्याकडे उशी भरायला आलेला नाही.

गेल्या रविवारी लेक कापसाच्या ढिगाशी बसली आणि म्हणाली, "त्यांची बदली झाली. लांब आहे, एक दिवसाचा प्रवास. तिथंही लॅब आहे, मला जागा मिळेल. त्यांनी विचारलंय मला."

"काय विचारलंय?"

"आई, काय विचारतात माणसं?"

मी उशीच्या कोपऱ्यात कापूस दाबत होते. उशी भरताना आधी कोपरे भरायचे असतात. ते पोकळ राहिले तर उशी महिन्याभरात चपटी.

"मी नाही म्हणणार आहे," ती म्हणाली. "तुला इथं एकटीला कसं सोडू? शुक्रवारपर्यंत सांगते म्हटलंय."

"तुझं तू बघ," मी म्हटलं. मी जन्मात कुणाला 'राहा' म्हटलं नाही. राहा म्हणून राहिलेलं माणूस म्हणजे उधारीचा कापूस, उशीत असला तरी आपला नसतो. पण त्या रात्री माझं ताट तसंच झाकून ठेवलं, हेही खरं.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचा भाग संपायला आला. पुस्तकातल्या त्या पोरीला बाप नाही, आई आहे. पावांची भट्टी चालवते. पोरीला ठरवायचं होतं. त्या पोराबरोबर जायचं तर आपणही तसंच व्हायचं, थंड, न मरणारं. मग आईचं घर सुटलं.

लेक वाचत होती, "आणि तिनं त्याचा हात सोडला. ती म्हणाली, मी जाऊ शकत नाही. माझी आई एकटी आहे. तो धुक्यात निघून गेला. ती भट्टीवर परतली, आईनं तिला गरम पाव दिला, आणि त्या दोघी पुढे खूप वर्षं सुखानं राहिल्या."

"संपलं?"

"संपलं."

मी दाभणात दोरा ओवत होते, म्हणून मान खाली होती. पण कान उघडे होते. एवढं सगळं झालं, तो गेला, ही परत आली, भट्टी, पाव, खूप वर्षं, आणि पान एकदाही उलटलं नव्हतं. शिवाय हिचा आवाज कुठे अडखळला नाही. छापलेलं वाचताना ही अडखळते, स्वल्पविरामाशी थांबते. हे पाण्यासारखं वाहत आलं.

शुक्रवारी ती कामावर गेल्यावर मी दुकानाचं दार लोटून घेतलं. भिंग काढलं आणि ते पुस्तक घेऊन उजेडात बसले. एकेका ओळीखाली बोट ठेवत गेले. जोडाक्षर आलं की मोठ्यानं म्हणायचं, तुकडे करायचे, परत जोडायचे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ऑपरेशन केलेल्या डोळ्यातून येतंच.

पोरगी जाते. त्याच्याबरोबर जाते, आणि त्याच्यासारखी होते. मग एका पहाटे आईला बघायला येते. आई कणीक मळत असते. दारात पोर उभी, तोंड पांढरं, पावसात भिजलेली. आई ओळखते. पण पोर न सांगता गेलेली, तिचा राग असतो मनात. ती हात कणकेत तसेच ठेवून बघत राहते. 'आत ये' म्हणत नाही. पोर उंबऱ्याबाहेर उभी. उजाडायला लागतं, उन्हात तिला थांबता येत नाही, ती निघून जाते. मग ही बाई जन्मभर भट्टीचं दार उघडं टाकून बसते. आता कुणाला दाखवायला?

हे पान लेकीनं मला ऐकवलं नव्हतं.

मी उठले. मागच्या खोलीत तिच्या खाटेवरची उशी घेतली, उसवली. लोक उशा घेऊन येतात तेव्हा खळग्यावरून मला माणूस कळतो. तिच्या उशीचा खळगा एका कडेला होता, भिंतीच्या बाजूला. खाटेवर आणखी कुणी झोपत असल्यासारखी जागा सोडून ही इतकी वर्षं निजत होती. सगळा कापूस काढला, पिंजला, नवा मिसळला. कोपरे घट्ट भरले. नवा अभ्रा घातला आणि प्रवासात मळू नये म्हणून वर कागद गुंडाळून सुतळीनं बांधली. संध्याकाळपर्यंत हेच करत होते. दोन गिऱ्हाइकं दार वाजवून परत गेली.

ते दोघं आले तेव्हा मी दारातच बसले होते. तो नेहमीसारखा पायरीखाली, टोपी हातात. तिचे डोळे सुजलेले. नकार देऊन आली होती, की अजून द्यायचा होता, ते मी विचारलं नाही. पुस्तक माझ्या मांडीवर होतं. त्यावर भिंग.

तिनं भिंग पाहिलं आणि जागच्या जागी थांबली.

"आई, ते मी... तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मध्ये बोलू नकोस. वाचलं मी. आता माझं मत ऐक. तो रक्तपित्या मला पहिल्या पानापासून आवडला नाही, अजूनही आवडत नाही. पोरगी बावळट आहे, आईला सांगून गेली असती तर काय बिघडलं असतं? पण पाचही पुस्तकांत सगळ्यात मूर्ख कोण असेल, तर ती पाववाली. पोटची पोर दारात उभी, आणि हिच्या तोंडातून दोन शब्द निघत नाहीत! मला तिच्या पंगतीला बसवू नकोस. ती उशी बांधून ठेवलीय, घेऊन जा. परत येशील तेव्हा उंबऱ्यावर थांबून माझ्या तोंडाकडे बघायचं नाही, सरळ आत यायचं. आणि त्या माणसाचे पाय दुखले असतील. त्याला म्हणावं, आत ये."