हिरव्या पोटाची माणसं

निएवेसचा हात मागायला ओर्तेन्सियाबाई मुलाला, उलिसेसला, घेऊन ग्वादालाहाराहून लेऑनला आल्या. जेवण होईपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं. मग बाईंनी ओठ टिपले.

"लेऑनच्या लोकांना पान्सा वेर्दे का म्हणतात हो? हिरव्या पोटाचे म्हणे."

"लेट्यूसमुळे," निएवेसचे वडील, एलेउतेरिओ, खाली बघत म्हणाले. "पूर्वी इथे मळे होते. लोक पालाच खायचे."

जन्मात खोटं न बोललेला माणूस निएवेसच्या लग्नापायी खोटं बोलत होता.

"पाला नाही," ती म्हणाली. "पापांनी उभा जन्म कातडी कमावली. ओलं कातडं पोटाशी दाबून खरवडायचं. रंग सदऱ्यातून अंगात उतरायचा. ते हिरवं पोट."

"अगं, जाऊ दे," पापा पुटपुटले.

"असेना का," ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या. "पण आमच्या पाहुण्यांना कशाला सांगायचं? पत्रिकेत व्यापारी छापू. आणि मिरवणुकीत पुढे तुझे काका चालतील. ते जरा बरे दिसतात."

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"बाई, तुम्ही ग्वादालाहाराचे लोक स्वतःला तापातिओ म्हणवता ना? जुन्या बाजारात तीन टॉर्टियांच्या जुडीला तापातिओ म्हणत, असं सांगतात. तुम्ही जुडीचं नाव मिरवता, आणि आम्ही कष्टाचं लपवायचं?"

"निएवेस, आई मस्करी करत होती," उलिसेस म्हणाला.

"मग तू हसला का नाहीस?"

उलिसेसने आईकडे बघितलं.

"पत्रिकेत कातडी कमावणारा असंच छापायचं. आणि चर्चमध्ये मी पापांचा हात धरूनच येणार. जमत नसेल तर लग्न राहू दे."

ओर्तेन्सियाबाई पर्स उचलून तडक गाडीत जाऊन बसल्या. उलिसेस दारात घुटमळला. त्याच्यावर तिचा जीव होता, म्हणून तर राग जास्तच येत होता.

"आईला हॉटेलवर सोडून येतो," तो म्हणाला. "या गल्ल्यांत घर सापडेल ना मला?"

"पान्सा वेर्देचं घर कुठलं, असं विचार."

"अगं, इथे जो तो आपलंच घर दाखवेल."

"दाखवू दे," निएवेस म्हणाली. "दारोदार विचारत ये. मोठ्याने."